फिर्यादीचा पहिला तास

झाशीचे नाव निघाले की मराठी वाचकाच्या मनात किल्ला, राणी लक्ष्मीबाई आणि १८५७ हे साल उभे राहते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु आजची झाशी ही फार मोठ्या प्रमाणावर नोकरदारांची आणि निवृत्तांची झाशी आहे. रेल्वेचे जंक्शन, वाघिणींच्या दुरुस्तीचा एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेला कारखाना, भेलचा रोहित्रांचा कारखाना, शहरालगतची आणि बबिन्याची लष्करी छावणी, यांत आयुष्य घालविलेली माणसे दर महिन्याच्या अखेरीस पेन्शनची वाट पाहतात. नेवाळकरांच्या सुभेदारीच्या काळापासून येथे स्थायिक झालेली मराठी घराणी आणि पुढे नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबे यांतही अशी निवृत्त माणसे पुष्कळ आहेत. ज्या गणेश मंदिरात १८४२ साली राणीचा विवाह झाला, तेथे ती गणेशोत्सवात जमतात, घरात मराठी आणि दारात हिंदी बोलतात, आणि त्यांची मुले बहुधा पुण्याला, बंगळूरला किंवा त्याहूनही दूर असतात.

या माणसांच्या वर्षात नोव्हेंबर महिन्याला विशेष महत्त्व आहे, कारण त्या महिन्यात सरकारी पेन्शनदाराला आपण जिवंत असल्याचा, म्हणजे हयातीचा, दाखला रुजू करावा लागतो. ऐंशी वर्षे ओलांडलेल्यांना ही मुभा ऑक्टोबरपासूनच असते. पूर्वी त्यासाठी बँकेत जाऊन कारकुनापुढे सही करावी लागे. नोव्हेंबर २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ या योजनेखाली बोटाच्या ठशाने, आणि आता चेहऱ्याच्या छायाचित्रानेही, तो घरबसल्या देता येतो. सोय खरोखरच मोठी झाली. परंतु ज्या तारखेला लाखो वृद्धांच्या मनात ‘आपला दाखला पोहोचला की नाही’ ही एकच काळजी असते, ती तारीख चोरांनाही ठाऊक असते.

असा दूरध्वनी कसा येतो ते जवळून पाहणे आवश्यक आहे, कारण बाहेरून ऐकणाऱ्याला तो जितका खोटा वाटतो तितका तो ऐकणाऱ्याच्या कानाला खोटा वाटत नाही. समजा, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेल्या आणि आता हयात नसलेल्या गृहस्थांच्या पत्नीला, जिला कुटुंब-पेन्शन मिळते, सकाळी अकराच्या सुमारास फोन आला. पलीकडचा मनुष्य अत्यंत आदबीने म्हणतो, ‘माताजी, पेन्शन विभाग से बोल रहा हूँ.’ तो तिच्या यजमानांचे पूर्ण नाव सांगतो, निवृत्तीची तारीख सांगतो, आणि ज्या पेन्शन आदेशाचा क्रमांक तिला स्वतःलाही पाठ नाही तो अचूक वाचून दाखवितो. मग तो सांगतो की दाखला नामंजूर झाला आहे आणि आज संध्याकाळपर्यंत दुरुस्ती न झाल्यास पुढील महिन्याची रक्कम थांबेल. तिने बँकेत जाऊन दाखला दिलेला असतो; परंतु कागद कचेरीत अडकणे हा तिचा आयुष्यभराचा अनुभव असल्यामुळे तिला यात नवल वाटत नाही. व्हॉट्सॲपवर एक फाइल येते, तिच्यावर राजमुद्रा असते, ती उघडताच मोबाइल दोन-तीन परवानग्या मागतो, आणि तो गृहस्थ धीर देत प्रत्येक वेळी ‘अलाउ दबाइए’ असे सांगतो.

येथेच सर्व काही संपलेले असते. ती फाइल म्हणजे कागद नसून एक ॲप असते आणि फोनवर येणारा प्रत्येक संदेश ते परस्पर चोराकडे पोहोचविते. त्यामुळे ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ हा बँकेचा उपदेश जिने अक्षरशः पाळला, तिचाही ओटीपी न सांगता जातो. बचत खात्यातील शिल्लक गेली तर तिला कळते. पण पुष्कळदा चोर तेवढ्यावर थांबत नाही. मुदत ठेव ऑनलाइन मोडली जाते, अथवा तिच्यावर उचल घेतली जाते. आणि जेथे बँकेने खातेदाराला आधीच मंजूर करून ठेवलेले कर्ज ॲपवर तयार असते, तेथे ते कर्ज तिच्या नावाने उचलून त्याच क्षणी दुसरीकडे वळविले जाते. म्हणजे असलेले तर गेलेच, शिवाय कधी न घेतलेल्या ऋणाचा हप्ता मागे राहिला.

अशा घटनेविषयी ऐकताच आपल्यातील पुष्कळजण तत्काळ निवाडा देतात की लोभ नडला किंवा अज्ञान नडले. हा निवाडा मला अन्यायाचा वाटतो. लॉटरी लागल्याच्या निरोपाला भुलणाऱ्याविषयी लोभाचा आरोप करता येईल. परंतु आपली पेन्शन थांबू नये म्हणून धडपडणाऱ्या विधवेच्या ठायी कोणता लोभ होता? आणि अज्ञान म्हणावे तर वर्धमान उद्योगसमूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांच्यासारखा, शेकडो करार वाचलेला अनुभवी उद्योगपती २०२४ च्या ऑगस्टअखेरीस अशाच टोळीच्या जाळ्यात सापडला, त्यांच्यापुढे दृक्‌श्राव्य माध्यमातून सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी उभी करण्यात आली, सरन्यायाधीशांचे सोंग आणण्यात आले, आणि सात कोटी रुपये त्यांच्याकडून काढून घेण्यात आले. या दोन्ही प्रसंगांत जे हेरले गेले ते माणसाचे सरकारविषयीचे भय आणि सरकारी हुकमाविषयीचा त्याचा आदर. ज्या पिढीने तहसील, ठाणे आणि कचेरी यांच्यापुढे नेहमी मान लवविली, तिला मोठ्या अधिकाराच्या स्वराला उलट प्रश्न विचारण्याची सवयच नाही.

तोतयेगिरीचे हे शास्त्र या प्रांताला नवीन नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु त्यांच्या मृत्यूविषयी सर्वांची खात्री पटली नाही, आणि त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी तर अखेरपर्यंत सौभाग्यचिन्हे उतरविली नाहीत. त्या संशयाच्या आणि आशेच्या वातावरणात, काही वर्षांतच, याच बुंदेलखंडातील सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण ‘मीच भाऊसाहेब’ म्हणून पुढे आला. रूपाचे साम्य होते, दरबारची काही माहिती त्याने मिळविली होती, आणि ऐकणाऱ्यांची मने विश्वास ठेवण्यास आतुर होती. एवढ्या भांडवलावर त्याने माणसे जमविली. पेशव्यांनी त्याला पकडून आणविल्यावर त्याच्या तोंडच्या कैफियतीवर विसंबून निकाल दिला नाही, तर भाऊसाहेबांना जे प्रत्यक्ष ओळखत होते अशांकडून त्याची पारख करविली, आणि मग त्याला कैदेत टाकले. तरीही १७७६ साली, रत्नागिरीच्या किल्ल्यावरचा अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे याने त्याला बाहेर काढले तेव्हा, हजारो माणसे पुन्हा त्याच्या निशाणाखाली गोळा झाली आणि कोकणातील किल्ल्यामागून किल्ला त्याच्या हाती गेला. अखेर महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी त्याचा मोड केला, आंगऱ्यांनी त्याला धरून दिले, आणि डिसेंबर १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांनी ‘तोतयाचे बंड’ हे नाटक याच प्रकरणावर लिहिले. ज्या हजारोंनी त्याला भाऊसाहेब मानले ते सगळे मूर्ख होते असे कोणताही इतिहासकार म्हणणार नाही.

या प्रकरणात आपल्याला घेण्यासारखी गोष्ट आहे ती पेशव्यांच्या चौकशीची रीत. जो मनुष्य आपली ओळख सांगतो, त्याच्याच जवळच्या दस्तऐवजांवरून ती ओळख ठरत नाही. तिची शहानिशा दुसऱ्या, आधीपासून माहीत असलेल्या वाटेने करावी लागते. फोनवरील मनुष्याने आपले ओळखपत्र पाठविले, गणवेश दाखविला, पाठीमागे ठाण्याची भिंत दाखविली, तुमच्या आधारचे शेवटचे चार अंक सांगितले, तरी त्यातून काही सिद्ध होत नाही, कारण हे सर्व त्यानेच आणलेले आहे. आपली माहिती कोठून कोठून गळालेली असते याचा हिशेब कोणालाच लागणार नाही. फोन ठेवावा, आणि पासबुकावर किंवा कार्डाच्या पाठीवर छापलेला क्रमांक आपल्या हाताने लावावा. इंटरनेटवर शोधून मिळालेला क्रमांक लावू नये, कारण तेथे चोरांनी आपलेच क्रमांक बँकेच्या नावाने पेरून ठेवलेले असतात. बँकांनी सेवेसाठीचे फोन १६०० ने आरंभ होणाऱ्या क्रमांकांवरूनच करावेत आणि आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर न्यावीत, असे रिझर्व्ह बँकेने २०२५ साली बजावले ते याच हेतूने. आणि पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही, तो पैसे देताना लागतो, एवढी एक गोष्ट घरातील प्रत्येकाला पाठ असली तरी पुष्कळ नुकसान टळेल.

ज्याला ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात त्याविषयी कायदा इतका स्पष्ट आहे की त्यावर दोन मते संभवत नाहीत: तशी अटक अस्तित्वातच नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे अटक ही पोलीस प्रत्यक्ष समोर उभा राहूनच करू शकतो, कारण सांगूनच करू शकतो, आणि चोवीस तासांच्या आत आरोपीला दंडाधिकाऱ्यापुढे हजर करावे लागते; व्हिडिओवर बसवून ठेवून, दाराला कडी लावायला सांगून, शिल्लक रक्कम ‘तपासणीसाठी’ सरकारी खात्यात भरायला लावणारी कोणतीही यंत्रणा या देशात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी हेच सांगितले. त्याआधी काही आठवडेच, झाशीहून रेल्वेने काही तासांच्या अंतरावर असलेल्या आग्र्यात एका शासकीय शाळेतील शिक्षिकेला, तिची मुलगी गैरप्रकारात पकडली गेल्याचा खोटा फोन आला होता. मुलगी सुखरूप होती, तसे आईला कळविण्यातही आले, पण त्या धक्क्यातून आई वाचली नाही. ज्यांना हे सारे केवळ पैशांचे प्रकरण वाटते त्यांनी ही घटना लक्षात ठेवावी. हरियाणातील अंबाला येथील एका वृद्ध दांपत्याला न्यायालयाचे बनावट हुकूम दाखवून लुबाडण्यात आले, तेव्हा ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबर २०२५ रोजी अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपविला. गृहमंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे सायबर फसवणुकीत २०२३ मध्ये सुमारे ७,४६५ कोटी रुपये गेले होते, ते २०२४ मध्ये सुमारे २२,८४५ कोटींवर पोहोचले.

आता त्या गार्डाच्या पत्नीकडे वळू. पैसे गेल्याचा संदेश तिने पाहिला, आणि यापुढे जे होते ते मला चोरीपेक्षाही अधिक दुःखदायक वाटते. ती कोणालाच सांगत नाही. ‘मुलगा काय म्हणेल, सून काय म्हणेल, उद्यापासून माझ्या हातात पासबुक ठेवतील का’ या विचाराने ती एक दिवस, दोन दिवस गप्प राहते, आणि चोराला नेमके तेच हवे असते, म्हणून तर त्याने फोनवरच ‘हे गोपनीय आहे, कोणाशी बोलू नका’ अशी ताकीद दिलेली असते. गेलेली रक्कम पहिल्या खात्यात थोडाच वेळ थांबते; तेथून तिचे तुकडे होऊन ती पाच-दहा खात्यांत पसरते, आणि मग एटीएममधून रोख निघते किंवा आभासी चलनात जाते. १९३० या क्रमांकावर फोन लावताच तक्रार पोलीस आणि बँका यांच्या सामाईक यंत्रणेत शिरते आणि रक्कम जेथे असेल तेथे ती गोठविण्याचा प्रयत्न सुरू होतो. परंतु गोठविण्याजोगी रक्कम तोवर शिल्लक असली पाहिजे. पहिल्या तासातील फिर्याद आणि तिसऱ्या दिवसाची फिर्याद यांत म्हणूनच जमीन-अस्मानाचे अंतर पडते.

कायद्याच्या दृष्टीनेही हा उशीर महाग पडतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, खातेदाराची आणि बँकेची दोघांचीही चूक नसताना तिसऱ्याने खात्यावर हात मारला आणि खातेदाराने तीन कामकाजी दिवसांत बँकेला कळविले, तर त्याची जबाबदारी शून्य धरली जाते; चार ते सात दिवसांत कळविल्यास ती मर्यादित राहते. मात्र खातेदाराने स्वतःच पिन किंवा ओटीपी सांगितला असेल, तर कळवीपर्यंतचा तोटा त्याचा, आणि कळविल्यानंतरचा बँकेचा. वृद्धांना भयभीत करून काढून घेतलेल्या ओटीपीला ‘निष्काळजीपणा’ म्हणणे मला कठोर वाटते आणि हा नियम बदलला पाहिजे असे माझे मत आहे. परंतु जोवर तो आहे तोवर त्याचा अर्थ एवढाच की बँकेला कळविल्याची वेळ लेखी स्वरूपात हाती असावी. बँकेच्या मदत क्रमांकावर फोन केल्यास तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा, १९३० वर मिळणारा पोच-क्रमांक वहीत लिहून ठेवावा, आणि त्याच दिवशी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तपशील भरून सायबर ठाण्यात फिर्याद नोंदवावी. हद्दीचा प्रश्न काढून कोणी परत पाठवू लागले, तर गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदविता येतो अशी तरतूद नव्या संहितेच्या १७३ व्या कलमात आहे. म्हणजे आईचे खाते झाशीत आणि आई काही दिवस मुलाकडे पुण्यात असली, तरी पुण्यातील ठाण्याने ती फिर्याद घेतली पाहिजे. ज्या मोबाइलवर ती फाइल बसली आहे त्याचे इंटरनेट ताबडतोब बंद करावे, आणि बँकेशी बोलणे दुसऱ्या फोनवरून करावे.

दूर असलेल्या मुलांना येथे एक विनंती करावीशी वाटते. आईचा फोन आला आणि तिने चाचरत ‘अरे, एक गडबड झाली’ असे म्हटले, तर ‘तुला हजार वेळा सांगितलं होतं’ हे वाक्य कृपा करून उच्चारू नये. त्या एका वाक्याच्या धाकाने कितीतरी घरांत फिर्यादीचा तो पहिला तास वाया जातो. वडीलधाऱ्यांना असे कधीतरी आधीच, निवांत वेळी, सांगून ठेवावे की असे काही झाले तर रात्री दोन वाजताही फोन करायचा, आणि कोणी रागावणार नाही.

पैशांचे प्रकरण मार्गी लागले तरी कर्जाच्या नोंदीची काळजी उरते, आणि ती काळजी आता मोलमजुरी करणाऱ्यांच्या घरापर्यंतही पोहोचली आहे, कारण मोटारसायकलीपासून मोबाइलपर्यंत सर्वच हप्त्यांवर मिळू लागले आहे. आपण कोणाकडून किती कर्ज घेतले आणि ते वेळेवर फेडले की नाही याची वही ठेवणाऱ्या चार कंपन्या भारतात आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क. पहिली २००० साली सुरू झाली आणि तिचेच नाव लोकांच्या तोंडी बसल्यामुळे सर्वच अहवालांना आपण ‘सिबिल’ म्हणतो. या कंपन्या २००५ च्या पतविषयक माहिती कायद्याखाली चालतात, त्यांचा गुणांक ३०० ते ९०० यांच्या दरम्यान असतो, आणि प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल ग्राहकाला विनामूल्य दिला पाहिजे असा नियम २०१७ पासून आहे. स्वतःचा अहवाल स्वतः मागविल्याने गुणांक कमी होतो ही भीती निराधार आहे. ज्याने कधी कर्जच घेतले नाही त्याच्या नावापुढे गुणांक नसतो, आणि केवळ त्या कारणासाठी पहिल्या कर्जाचा अर्ज नाकारता येत नाही.

अहवाल हाती आला की गुणांकाच्या मोठ्या आकड्याकडे पाहण्याआधी खात्यांची यादी ओळीने वाचावी, कारण घात त्या यादीत असतो. एप्रिल २०२२ मध्ये अभिनेते राजकुमार राव यांनी जाहीरपणे सांगितले की त्यांच्या पॅन क्रमांकावर कोणीतरी अडीच हजार रुपयांचे कर्ज उचलले आणि त्यांचा गुणांक घसरला. रक्कम किरकोळ, परंतु न फेडलेली किरकोळ रक्कमही ‘थकबाकी’ म्हणूनच नोंदविली जाते. यादीत अनोळखी कर्ज दिसले, किंवा ज्या वित्तसंस्थेत आपण कधी पाऊल टाकले नाही तिने आपली चौकशी केल्याची नोंद दिसली, तर त्या संस्थेला आणि नोंद ठेवणाऱ्या कंपनीला, दोघांनाही, फिर्यादीची प्रत जोडून लेखी हरकत पाठवावी. तीस दिवसांत निवारण झाले नाही तर पुढील प्रत्येक दिवसासाठी शंभर रुपये भरपाई मिळण्याचा हक्क रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ पासून दिला आहे. ‘पैसे भरा, सिबिल साफ करून देतो’ असे सांगणारे दलाल आता गल्लोगल्ली फलक लावून बसले आहेत. खरी थकबाकी कोणालाही पुसता येत नाही आणि खोटी नोंद काढण्यास पैसे लागत नाहीत, तेव्हा अशांना एक रुपयाही देऊ नये.

हरकत मान्य झाल्याचे पत्र आल्यावरही काम अपुरे राहते. चारही कंपन्यांच्या वह्या स्वतंत्र असल्यामुळे एकीकडून पुसलेली नोंद दुसरीकडे तशीच राहू शकते, म्हणून महिन्या-दीड महिन्याने चारही अहवाल पुन्हा पाहावेत. बँक किंवा कंपनी दाद देत नसेल, किंवा न घेतलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी घरी माणसे पाठवीत असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्यासाठी वकील लागत नाही, शुल्क लागत नाही, १४४४८ या क्रमांकावर मार्गदर्शन मिळते, आणि तक्रार मराठीतून लिहिली तरी चालते.